संसदेत कायदा कसा होतो ?

(मंडळाच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



मंडळाने आम्हांस ‘संसद व तिची कार्यपद्धती’ हा विषय दिला आहे. आपल्यापैकी जे विद्यार्थी स्पर्धा परीक्षांच्या तयारीत आहेत त्यांना लोकसभेत सदस्य किती, राज्यसभेत किती, हे तोंडपाठ असणारच. म्हणून आकडे आम्ही धावते सांगणार आहोत. या विषयात शिरण्यासाठी आपल्या समाजाच्या अगदी जिव्हाळ्याचा एक प्रश्न घेऊ आणि त्याच्या वाटेने संसद समजावून घेऊ.

प्रश्न असा की, १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, त्या नेमक्या कशाने मिळाल्या ? कोणालाही विचारा, उत्तर येते, “घटनादुरुस्ती झाली.” सभांतून असेच बोलले जाते, पत्रकांतून असेच छापले जाते. प्रत्यक्षात घटनादुरुस्ती झालेली नाही. झाला तो एक साधा कायदा, १९९० चा पंधरावा. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ३ जून १९९० रोजी. आता कोणी म्हणेल, घटनादुरुस्ती काय आणि कायदा काय, सवलती मिळाल्या ना ! तर या दोहोंत फरक आहे, आणि तो फरक कळला म्हणजे आपल्या चौतीस वर्षांच्या प्रतीक्षेचा अर्थच बदलतो. तो कसा, हे शेवटी पाहू. आधी संसद.

आपली संसद म्हणजे राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा हे तिन्ही मिळून. राष्ट्रपती हे सभागृहात बसत नाहीत, पण त्यांच्या सहीवाचून विधेयकाचा कायदा होत नाही, म्हणून घटनेने त्यांना संसदेचेच अंग मानले आहे. लोकसभेत ५४३ निवडून आलेले सदस्य. पूर्वी दोन अँग्लो-इंडियन सदस्य नेमले जात. १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे जानेवारी २०२० पासून, ती तरतूद संपली. या ५४३ पैकी ८४ जागा अनुसूचित जातींसाठी आणि ४७ जमातींसाठी राखीव. महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर आणि सोलापूर या पाच अनुसूचित जातींच्या. राज्यसभेत २४५ जागा. त्यातल्या २३३ निवडून यायच्या आणि १२ राष्ट्रपतींनी नेमायच्या. महाराष्ट्राच्या वाट्याला १९, शेजारच्या गोव्याच्या वाट्याला एक. राज्यसभेचे सदस्य आपण थेट निवडत नाही. आपण निवडलेले आमदार त्यांना निवडतात. सदस्याची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी एकतृतीयांश निवृत्त होतात. लोकसभा बरखास्त होते, राज्यसभा कधीच होत नाही.

एक गोष्ट येथे नोंदवून ठेवली पाहिजे. राज्यसभेत राखीव जागा नाहीत, एकही नाही. घटनेच्या ३३० व्या अनुच्छेदात राखीव जागांची तरतूद आहे ती लोकसभेपुरती. म्हणजे प्रत्येक कायद्याला ज्या दोन दारांतून जावे लागते, त्यातल्या एका दारात आपला माणूस असणे हे सर्वस्वी राजकीय पक्षांच्या मर्जीवर आहे. याची चर्चा व्हावी तेवढी होत नाही, असे आमचे मत आहे.

नावांचाही थोडा घोळ आहे. लोकसभेच्या पीठासीन अधिकाऱ्याला घटनेच्या मराठी पाठात अध्यक्ष म्हणतात आणि राज्यसभेच्या पीठासीनाला सभापती. उपराष्ट्रपती हेच राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात. आपली वर्तमानपत्रे मात्र वर्षानुवर्षे ‘लोकसभेचे सभापती’ लिहीत आली. परीक्षेत मात्र तसे लिहू नका.

आता, दुसरे सभागृह हवेच कशाला ? हा प्रश्न संविधान सभेतही विचारला गेला होता. केंद्रात दोन सभागृहे ही गोष्ट आपल्याकडे १९१९ च्या कायद्याने आली. कौन्सिल ऑफ स्टेट हे तिचे वरचे सभागृह जमीनदार आणि धनिकांचे होते, म्हणून अनेकांच्या मनात त्याविषयी अढी होती. संविधान सभेत गोपालस्वामी अय्यंगार यांनी दुसऱ्या सभागृहाची बाजू मांडली. घाईने, भावनेच्या भरात केलेल्या कायद्याला जरा दम खाऊ द्यावा, एवढाच त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. शिवाय आपला देश राज्यांचा संघ आहे. तेव्हा राज्यांचा आवाज केंद्रात असावा हेही ओघाने आलेच. (२००३ च्या दुरुस्तीने मात्र राज्यसभेचा सदस्य त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट काढून टाकली. राज्यांचा आवाज आता कोणत्या गावचा आहे ते विचारायचे नाही !)

दुसरे सभागृह म्हणजे पुढारलेल्या कायद्यांच्या वाटेतला अडसर, असे पुष्कळदा म्हटले जाते. हे म्हणणे आपण हिंदू कोड बिलाच्या इतिहासावर घासून पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री असताना हे बिल ज्या संसदेपुढे अडले, ती हंगामी संसद होती. तिला एकच सभागृह होते. राज्यसभा तेव्हा जन्मलीच नव्हती. तरीही विरोध, वेळकाढूपणा, एकेका कलमावर दिवसेंदिवस भाषणे यांत ते बिल रुतले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५२ साली दोन सभागृहांची संसद आली. तिच्यात त्याच बिलाचे तुकडे होऊन १९५५-५६ मध्ये चार कायदे झाले: विवाहाचा, वारसाचा, अज्ञान व पालकत्वाचा, दत्तक व पोटगीचा. त्यातली विवाहाची आणि वारसाची विधेयके तर आधी राज्यसभेतच मांडली गेली. तेव्हा अडसर सभागृहांच्या संख्येत नसतो. तो बसलेल्या माणसांच्या मनात असतो. बाबासाहेब स्वतः त्या काळात राज्यसभेत होते. १९५२ च्या निवडणुकीत मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यात त्यांचा पराभव झाला; संसदेत ते राहू शकले ते राज्यसभेमुळे, आणि त्यांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हाही ते राज्यसभेचे सदस्य होते.

दोन सभागृहे समान आहेत काय ? कायदे करण्याच्या बाबतीत बहुतांशी होय. पैशाच्या बाबतीत नाही. अर्थसंकल्प, कर, सरकारी खर्च अशा गोष्टींचे विधेयक, ज्याला धन विधेयक म्हणतात, ते लोकसभेतच मांडावे लागते. राज्यसभेने ते चौदा दिवसांत परत करायचे. तिने सूचना कराव्यात, लोकसभेने त्या घ्याव्यात अगर टाकाव्यात. एखादे विधेयक धन विधेयक आहे किंवा कसे हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. मंत्रिमंडळ पाडण्याचा अधिकारही लोकसभेचाच. राज्यसभेत अविश्वासाचा ठराव येत नाही.

आता विधेयकाच्या प्रवासाकडे वळू. पाठ्यपुस्तकात ‘तीन वाचने’ अशी यादी असते आणि ती विद्यार्थ्यांना झोप आणते. आपण त्याऐवजी एका खऱ्या विधेयकामागोमाग चालत जाऊ. अत्याचार प्रतिबंधक कायदा, आपण ज्याला बोलीत ‘ॲट्रॉसिटी’ म्हणतो, तो १९८९ चा. त्यात पुढे मोठी सुधारणा झाली. जोड्यांचा हार घालणे, डोके किंवा मिशा भादरणे, सामाजिक बहिष्कार टाकणे, हाताने मैला साफ करायला लावणे, हे गुन्हे नाव घेऊन कायद्यात आले ते या सुधारणेने. तिचा प्रवास असा झाला.

४ मार्च २०१४ रोजी सरकारने वटहुकूम काढला. संसदेचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज असेल तर राष्ट्रपतींच्या नावे असा वटहुकूम काढता येतो. तो कायद्याइतकाच बलवान, पण अल्पायुषी: संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत दोन्ही सभागृहांनी मंजुरी दिली नाही तर तो संपतो. मधे लोकसभेची निवडणूक झाली, सरकार बदलले. नव्या सरकारने १६ जुलै २०१४ रोजी लोकसभेत विधेयक मांडले. हे मांडणे म्हणजे पहिले वाचन. या वेळी सहसा चर्चा होत नाही. मंत्री उभे राहतात, परवानगी मागतात, आवाजी होकार होतो आणि विधेयक सभागृहाच्या मालकीचे होते. बाहेरच्या माणसाला तेव्हापासून ते वाचायला मिळते.

त्यानंतर ते स्थायी समितीकडे गेले. खाते-निहाय स्थायी समित्या १९९३ पासून सुरू झाल्या. २००४ पासून त्यांची संख्या २४ आहे. प्रत्येकीत ३१ सदस्य, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०, सगळ्या पक्षांचे. येथे कॅमेरे नसतात, म्हणून भाषणबाजी कमी आणि काम जास्त होते. समिती अधिकाऱ्यांना बोलावते, जाणकारांना बोलावते, आणि पुष्कळदा जाहिरात देऊन जनतेकडून लेखी सूचना मागवते. आम्हांला आपल्या मंडळासारख्या संस्थांना येथे थांबवून सांगावेसे वाटते की, मोर्चा आपण विधेयक मंजूर झाल्यावर काढतो, निवेदन आपण जिल्हाधिकाऱ्यांना देतो, आणि ज्या टप्प्यावर विधेयकाच्या कलमात एखादा शब्द घालून घेता येतो त्या टप्प्याची जाहिरात आपल्यापैकी कोणी वाचलेली नसते. दोन पानांचे, मुद्देसूद, कलमाचा क्रमांक घालून लिहिलेले निवेदन समितीच्या दप्तरात जाते. त्याला वकील लागत नाही. समितीचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो हे खरे. पण तो छापला जातो, सभागृहापुढे ठेवला जातो आणि नंतर कोर्टात कायद्याचा अर्थ लावतानाही कधी कधी चाळला जातो.

या विधेयकावरचा अहवाल डिसेंबर २०१४ मध्ये आला. लोकसभेने विधेयक मंजूर केले ते ४ ऑगस्ट २०१५ रोजी. येथे दुसरे वाचन आले: आधी तत्त्वावर चर्चा, मग एकेक खंड मताला. सदस्यांच्या दुरुस्त्या याच वेळी येतात. मतदान बहुधा आवाजी असते, होकाराचा आवाज मोठा की नकाराचा हे पीठासीन ठरवतात. कोणी हरकत घेतली तर मतविभागणी करावी लागते आणि मग कोणी कोठे मत दिले याची नोंद राहते. आपल्या खासदाराने आपल्या प्रश्नावर काय केले हे पाहायचे असेल, तर नोंद असते ती मतविभागणीचीच, हे ध्यानात ठेवावे. तिसरे वाचन म्हणजे संपूर्ण विधेयक मंजूर करावे की नाही एवढाच प्रश्न.

मग ते राज्यसभेत गेले आणि तेथे २१ डिसेंबर २०१५ रोजी मंजूर झाले. राज्यसभेला चार वाटा असतात. ती विधेयक आहे तसे मंजूर करील, दुरुस्त्या करून परत पाठवील, फेटाळील किंवा नुसते बाजूला ठेवून देईल. त्यानंतर राष्ट्रपतींची संमती, राजपत्रात प्रसिद्धी, आणि २६ जानेवारी २०१६ पासून अंमल. वटहुकमापासून मोजले तर जवळजवळ दोन वर्षे लागली.

याच कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटकेपूर्वी चौकशी आणि परवानगीच्या अटी घालणारा निकाल दिला. २ एप्रिलला देशभर बंद झाला. सरकारने विधेयक आणले. लोकसभेत ते ६ ऑगस्टला मंजूर झाले, राज्यसभेत ९ ऑगस्टला, आणि १७ ऑगस्ट २०१८ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. कलम १८-अ ते हेच. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने ही सुधारणा वैध ठरवली. एका सुधारणेला दोन वर्षे, दुसरीला दोन आठवडे. यंत्र तेच, नियम तेच. फरक होता तो बाहेरच्या रेट्यात.

दोन सभागृहांचे जमलेच नाही तर ? साध्या विधेयकाच्या बाबतीत घटनेने संयुक्त बैठकीचा उपाय सांगितला आहे. एका सभागृहाने फेटाळले, दुरुस्त्यांवर एकमत झाले नाही किंवा सहा महिने तसेच ठेवले, तर राष्ट्रपती दोन्ही सभागृहांना एकत्र बोलावू शकतात. तेथे लोकसभेची संख्या मोठी असल्याने बहुधा तिचीच सरशी. आजवर तीनदाच अशा बैठकांतून कायदे झाले: १९६१ साली हुंडाबंदी, १९७८ साली बँक सेवा आयोग रद्द करणे आणि २००२ साली ‘पोटा’. आपल्या राज्यातल्या विधान परिषदेला मात्र एवढाही मान नाही. विधानसभेने दुसऱ्यांदा मंजूर केले की परिषदेने फार तर आणखी एक महिना ताणायचे.

घटनादुरुस्तीला संयुक्त बैठक नाही. तेथे दोन्ही सभागृहांनी वेगवेगळे, आणि खास बहुमताने, होकार दिला पाहिजे. खास बहुमत म्हणजे दोन अटी एकदम: सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक, आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोनतृतीयांश. हा हिशेब किती कडक असतो ते १९७० साली दिसले. संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे विधेयक लोकसभेत पार पडले. राज्यसभेत बाजूने १४९ आणि विरुद्ध ७५ मते पडली. एकूण २२४, त्यांचे दोनतृतीयांश करून पाहा. १४९ आणि वर एकतृतीयांश. म्हणजे एका मताचा तिसरा हिस्सा कमी पडला आणि विधेयक कोसळले ! राजेमहाराजांचे तनखे पुढे १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने गेले. पंचायत राज्याचेही तसेच. १९८९ साली ते विधेयक लोकसभेने मंजूर केले, ऑक्टोबरमध्ये राज्यसभेत ते पडले. डिसेंबर १९९२ मध्ये ७३ वी व ७४ वी दुरुस्ती मंजूर झाली तेव्हा कोठे गावोगावच्या पंचायतींत अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना घटनेने जागा मिळाल्या. आज आपल्या ज्या भगिनी सरपंच म्हणून खुर्चीवर बसतात, त्यांच्या खुर्चीला तीन वर्षे उशीर झाला तो या दोनतृतीयांशाच्या हिशेबाने.

विधेयके मरतात कशी, हेही माहीत असावे. लोकसभा बरखास्त झाली की तिच्यापुढे पडून असलेली सारी विधेयके तिच्याबरोबर जातात. राज्यसभेने मंजूर करून लोकसभेकडे पाठवलेलेसुद्धा. राज्यसभेत मांडलेले आणि तेथेच असलेले तेवढे वाचते. महिला आरक्षणाचे विधेयक राज्यसभेने ९ मार्च २०१० रोजी मंजूर केले होते. लोकसभेने ते हाती घेतलेच नाही आणि २०१४ साली ते व्यपगत झाले. तीच गोष्ट पुन्हा नव्या विधेयकाने, पहिल्यापासून सुरुवात करून, सप्टेंबर २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती म्हणून मंजूर झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या सुधारण्याचे १९६७ चे विधेयक असेच. संयुक्त समितीने त्यावर मेहनत घेतली, अहवाल दिला, आणि २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा बरखास्त झाली. अहवाल कपाटात राहिला.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. अनुसूचित जाती कोणत्या, हे राष्ट्रपतींनी १० ऑगस्ट १९५० च्या आदेशाने ठरवले. त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटले होते की, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. पंजाबातील चार शीख जातींपुरता काय तो अपवाद. सप्टेंबर १९५६ मध्ये संसदेने कायदा करून या परिच्छेदात शीख धर्म घातला. त्यानंतर काही आठवड्यांतच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली. ज्यांनी दीक्षा घेतली ते या परिच्छेदाच्या बाहेर गेले.

याचे परिणाम कागदी नव्हते. १९६२ च्या निवडणुकीत विधानसभेच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या डॉ. मेश्राम यांच्याविरुद्ध पंजाबराव या नावाने अर्ज झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यांनी बौद्ध धम्म जाहीरपणे स्वीकारला आहे, सबब ते राखीव जागेला पात्र नाहीत, असा निकाल लागला. महाराष्ट्र शासनाने आपल्या अखत्यारीतल्या नोकऱ्या आणि शिष्यवृत्त्यांपुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या होत्या. परंतु रेल्वे, टपाल, बँका, केंद्राच्या सेवा आणि राखीव मतदारसंघ येथे राज्याचा अधिकार चालत नव्हता. कित्येक घरांत धम्म मनात आणि कागदावर जुनाच धर्म असे चालले. पोरांना नोकरी लागावी म्हणून बापाने काय लिहावे, हा प्रश्न त्या पिढीपुढे होता, आणि त्याचा दोष त्या बापावर ठेवणे आम्हांस मान्य नाही.

हा परिच्छेद बदलणार कोण ? राज्य सरकार नाही. राष्ट्रपतींनीही एकदा काढलेला आदेश दुसऱ्या अधिसूचनेने बदलायचा नाही, असे अनुच्छेद ३४१ सांगतो. न्यायालय यादीत भर घालत नाही. बदलणार फक्त संसद, कायदा करून. आणि कसला कायदा ? साधा. उपस्थित राहून मत देणाऱ्यांच्या निम्म्याहून एक मत अधिक, एवढेच. दोनतृतीयांश नको, विधानसभांची संमती नको. ‘हिंदू किंवा शीख’ येथे ‘हिंदू, शीख किंवा बौद्ध’ असे लिहायचे.

म्हणून आम्ही आरंभी म्हणालो की ‘घटनादुरुस्ती’ हा शब्द येथे चुकीचा आहे. त्या शब्दामुळे असे वाटते की घटनाच आड येत होती. दोनतृतीयांश जमत नव्हते म्हणून चौतीस वर्षे गेली. घटना आड येत नव्हती. १९५६ नंतर ज्या ज्या सरकारला दोन्ही सभागृहांत बहुमत होते, त्या प्रत्येकाला हे कोणत्याही अधिवेशनात करता आले असते. दादासाहेब गायकवाडांसारखी माणसे लोकसभेत आणि राज्यसभेत होती. १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहातही ही मागणी होती. मागणी होती, मांडणारे होते, बहुमत देणारे नव्हते. उलट १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारला स्वतःचे बहुमत लोकसभेतही नव्हते. बाहेरच्या पाठिंब्यावर ते उभे होते, आणि राज्यसभेत काँग्रेस हाच सर्वांत मोठा पक्ष होता. तरी विधेयक दोन्ही दारांतून गेले. तेव्हा उशिराचा जाब घटनेला नव्हे, तर ज्यांच्या हाती बहुमत होते त्यांना विचारायला हवा. अनुसूचित जाती-जमातींच्या राष्ट्रीय आयोगासाठी त्याच वर्षी झालेली ६५ वी दुरुस्ती मात्र खरोखरची घटनादुरुस्ती होती. दोन्ही एकाच वर्षातल्या, म्हणूनही कदाचित हा घोळ झाला असावा.

तिसऱ्या परिच्छेदाचा वाद अजून मिटलेला नाही. ख्रिस्ती आणि मुस्लिम झालेल्या दलितांविषयी २०२२ साली केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक टप्पा सांगतो, कारण पुस्तके येथे थांबतात. राष्ट्रपतींची सही झाली म्हणजे कायदा लागू झाला असे नाही. कायद्याच्या पहिल्या कलमात बहुधा लिहिलेले असते की, सरकार अधिसूचनेने जी तारीख नेमील त्या तारखेपासून अंमल. हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ चा. हा विषय राज्यांकडचा मानून तो राज्यांच्या ठरावांवरून केला गेला. ठराव करणाऱ्या सहा राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. त्याचा अंमल सुरू झाला २६ जानेवारी १९९७ पासून, आणि तोही त्या सहा राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत. साऱ्या देशाला लागू होणारा नवा कायदा २०१३ साली आला व ६ डिसेंबर २०१३ पासून अंमलात आला. अत्याचार प्रतिबंधक कायदा ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला, पण तपास कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा, पीडितास मदत किती व केव्हा, हे सांगणारे नियम आले ते ३१ मार्च १९९५ रोजी. मधली पाच वर्षे कायदा होता आणि नियम नव्हते. नियम सरकार करते, पण ते संसदेपुढे ठेवावे लागतात आणि संसद त्यांत बदल सुचवू शकते. म्हणजे हेही आपल्या खासदाराला विचारण्याजोगे काम आहे.

राहता राहिला दाखल्याचा प्रश्न, जो प्रत्येक अभ्यासवर्गात विचारला जातो. १९९० च्या कायद्याने फक्त धर्माची आडकाठी काढली. अनुसूचित जातींच्या यादीत ‘बौद्ध’ अशी नोंद तेव्हाही नव्हती आणि त्या कायद्याने घातलीही नाही. यादी जातींची आहे. महाराष्ट्राच्या यादीत महार, मेहरा, तराल, धेगू-मेगू अशी एक नोंद आहे, तशा इतरही. म्हणून केंद्राच्या नोकरीसाठी किंवा राखीव मतदारसंघासाठी दाखला काढताना धर्म बौद्ध लिहावा आणि यादीतली मूळ जातही लिहिलेली असावी. नुसता ‘बौद्ध’ लिहिलेला दाखला केंद्राच्या कार्यालयातून परत येतो. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तहसील कचेरीत धावण्यापेक्षा तो आधीच तपासून घ्यावा.